झाकलेलं आंबटाचं भांडं : शनवार तेल्यांच्या स्वयंपाकघराचा इतिहास

आजचा विषय कोशेर स्वयंपाक आणि त्या स्वयंपाकघरातल्या फडताळावरच्या वस्तू. मीठ, तेल, नारळ, आमसूल, हिंग, लोणचं, अशा रोजच्या वस्तू. ‘कोशेर’ हा शब्द आपल्यापैकी बऱ्याच जणांना विमानाचं तिकीट काढताना जेवणाच्या यादीत दिसला असेल, आणि तो अमेरिकेतला किंवा इस्रायलमधला काही प्रकार असावा असं वाटलं असेल. पण मराठी बोलणाऱ्या, मराठीत भांडणाऱ्या, मराठीत कीर्तन करणाऱ्या घरांत हा स्वयंपाक काही शतकं चालत आलाय. आपण इथे वाघोलीत बसलोय. इथून नगर रस्त्याने येरवडा ओलांडून कॅम्पात गेलं की लाल विटांचा उंच मनोरा दिसतो. पुणेकर त्याला ‘लाल देऊळ’ म्हणतात. ते ओहेल डेव्हिड सिनेगॉग. त्या देवळाकडे आपण वळूच, पण आधी कोकणात जावं लागेल.

त्याही आधी दोन शब्द नियमांबद्दल. नाहीतर पुढचं सगळं हवेत राहील.

आपल्याला खाण्यावरचे नियम नवीन नाहीत. याच गावात कांदा-बटाटा न घातलेली पावभाजी मागितली तर कोणी चमकून बघत नाही. चातुर्मासात काय चालतं, उपासाला कोथिंबीर चालते की नाही, यावर घराघरात मतं आहेत. कोशेरचे नियम वेगळे, पण त्यांच्याभोवती जगण्याची तऱ्हा आपल्याला ओळखीची वाटेल. नियम थोडक्यात असे. चतुष्पाद प्राणी खुरं दुभंगलेला आणि रवंथ करणारा हवा. म्हणजे बकरं, मेंढी चालते, डुक्कर चालत नाही. प्राणी जाणकाराने ठरलेल्या पद्धतीने कापलेला हवा. त्या जाणकाराला शोहेत म्हणतात. रक्त वर्ज्य, म्हणून मांस अर्धा तास पाण्यात भिजवायचं, मग तासभर जाड मिठात ठेवायचं, मग धुवायचं. मासा पर आणि खवले असलेलाच. आणि सगळ्यात मोठा नियम : मांस आणि दूध एकत्र नाही. करडू त्याच्या आईच्या दुधात शिजवू नये अशी आज्ञा तोरात तीन ठिकाणी येते. त्यावरून मांसाच्या पदार्थात दूध, दही, तूप, लोणी काहीच घालायचं नाही, आणि मांसानंतर काही काळ दुधाचं खायचंही नाही, इथवर ती वाढली. या दोन्हींत न मोडणारं जे असतं, धान्य, भाजी, फळ, तेल, अंडं, त्याला ‘पारवे’ म्हणतात. हा शब्द लक्षात ठेवा, पुढे लागेल.

आता कोकण. बेने इस्रायल समाजाची परंपरा सांगते, की त्यांचे पूर्वज समुद्रमार्गे येत असताना अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यापाशी जहाज फुटलं आणि सात पुरुष, सात बायका एवढेच वाचले. बुडालेल्यांना तिथेच पुरलं. हे कधी घडलं यावर एकमत नाही. दोन हजार वर्षांपासून ते बऱ्याच अलीकडच्या काळापर्यंत तर्क आहेत, आणि चौदा माणसांचा आकडा इतिहासापेक्षा कथेच्या घरातला वाटतो. नक्की एवढं सांगता येतं, की हा समाज आजच्या रायगड जिल्ह्यातल्या गावांत पसरला, त्या गावांची आडनावं त्याने घेतली, किहीमकर, पेणकर, रोहेकर, झिराडकर, तळकर, अष्टमकर, आणि तेल गाळणं हा त्याचा मुख्य धंदा होता. शनिवारी घाणा बंद. म्हणून शेजारी त्यांना ‘शनवार तेली’ म्हणू लागले. हे नाव शेजाऱ्यांनी ठेवलं हे महत्त्वाचं आहे. हिब्रू ग्रंथ जवळ नव्हते, प्रार्थनेतली ‘शेमा’ तेवढी तोंडपाठ राहिली होती. पण शनिवारी चूल पेटत नाही, घाणा फिरत नाही, हे गावाला दिसत होतं.

मग डेव्हिड राहाबी नावाचा माणूस येतो. हा कोण, यावरही दोन मतं आहेत. समाजाच्या जुन्या समजुतीत तो फार प्राचीन काळातला. बऱ्याच अभ्यासकांच्या मते तो अठराव्या शतकातल्या कोचीनच्या राहाबी घराण्यातला. तर या राहाबीला प्रश्न पडला, की हे तेली खरंच यहुदी आहेत का? गोष्ट अशी सांगतात, की त्याने मासळी आणली, कोशेर आणि अकोशेर सरमिसळ करून, आणि बायकांना रांधायला सांगितली. बायकांनी पर-खवले असलेले मासे वेगळे काढले आणि बाकीचे बाजूला सारले, ‘हे आम्ही खात नाही’ म्हणून. राहाबीची खात्री पटली. त्याने झिराडकर, राजपूरकर आणि शापूरकर या घराण्यांतल्या तिघांना धर्म शिकवून काजी म्हणून तयार केलं.

ही गोष्ट आपल्यापर्यंत मुख्यतः हाईम सॅम्युएल किहीमकर यांच्या ग्रंथामुळे पोचली. त्यांनी तो १८९७ मध्ये लिहून पूर्ण केला, तो छापला गेला १९३७ मध्ये, तेल अवीवमध्ये, लेखकाच्या मृत्यूनंतर. गोष्ट जशीच्या तशी घडली असेल असं आम्ही म्हणणार नाही. अशा परीक्षेच्या कथा बऱ्याच समाजांत असतात. पण परीक्षेचं सामान काय निवडलंय ते बघा. पुरुषांना प्रार्थना म्हणायला लावली असं समाजाने सांगितलं नाही. परीक्षा बायकांची झाली, आणि ती मासळीच्या टोपलीवर झाली.

आणि कोकणात ती टोपली सोपी नसते हो! अलिबागच्या किंवा रेवदंड्याच्या बाजारात उभे राहून बघा. बांगडा, रावस, पापलेट, पेण-अलिबागकडचा मानाचा जिताडा, हे सगळे पर-खवल्यांचे. कोळंबी, चिंबोऱ्या, तिसऱ्या, कालवं, माकुल, हे सरळ बाहेर. मुशी, पाकट, शिंगाळा, तेही बाहेर. म्हणजे गरिबाच्या घरात जे फुकटात, खडकावरून खरवडून मिळतं ते कालव आणि चिखलातून काढलेली तिसरी, हेच नेमकं वर्ज्य. सुरमईचे खवले इतके बारीक की शोधावे लागतात. बोंबलाचं पुढचं अंग गुळगुळीत, खवले मागच्या निम्म्या भागावर. बोंबील परीक्षेला बसवला तर दोन पंडित दोन दिवस भांडतील. कोळणीशी घासाघीस करताना हा सगळा निवाडा उभ्याउभ्या करणारी बाई ग्रंथ न वाचता ग्रंथातलं कलम चालवत होती.

आता आपण फडताळाकडे येऊ. पहिली वस्तू नारळ.

मांसात दूध-दही नको म्हटल्यावर उत्तर हिंदुस्थानी पद्धतीचा मटणाचा रस्सा, दह्यातली बिर्याणी, साय घातलेलं कालवण, हे सगळं बाद होतं. युरोपातल्या यहुदी बायकांनी तुपा-लोण्याच्या जागी कोंबडीची, बदकाची चरबी वितळवून वापरली. आमच्या कोकणातल्या बायकांना तो खटाटोप करावा लागला नाही. त्यांच्या परसात नारळ होता. नारळाचं दूध दिसतं दुधासारखं, दाटपणा देतं दुधाचा, आणि असतं पारवे. हिरवी मिरची, कोथिंबीर, आलं, लसूण वाटून नारळाच्या दुधात शिजवलेलं कोंबडीचं कालवण हे आजही बेने इस्रायली घराचं ओळखपत्र आहे. जेवणानंतर ताक किंवा दहीभात नाही, पण आमसूल आणि नारळाचं दूध यांची सोलकढी चालते. गोडाचंही तेच. नवीन वर्षाला होणारा चिकाचा हलवा गव्हाच्या चिकात नारळाचं दूध आणि साखर घालून तासन्‌तास घोटतात. मांसाच्या जेवणावर तो बिनधास्त खाता येतो.

दुसरी वस्तू तेल. इथे एक तर्क मांडतो, तो आमचा आहे, कुणाच्या ग्रंथातला नाही. तेल पारवे आहे, तूप नाही. जो समाज स्वतः तेल गाळतो त्याच्या घरात नियमाला चालणारं, स्वतःच्या हाताने काढलेलं स्निग्ध कायम असतं. शेजारच्या श्रीमंत घरात सणाला तूप, तर तेल्याच्या घरात तेल; यात गरिबी असेल, धंदा असेल, पण नियमाची सोयही होती. धंदा आणि धर्म यांच्या अशा जोडण्या कागदावर सापडत नाहीत, कढईत सापडतात.

मिठाबद्दल एकच गोष्ट. अमेरिकेत ‘कोशेर सॉल्ट’ नावाने जाड मीठ विकतात. त्यात धार्मिक असं काही नसतं. मांसातलं रक्त ओढायला जाड दाणा लागतो, म्हणून ते नाव. पेण-उरणच्या मिठागरांच्या शेजारी राहणाऱ्याला ते वेगळं विकत आणावं लागत नव्हतं. खडेमीठ आपल्याकडे होतंच.

आता आंबट. हा आजचा गाभा आहे, म्हणून इथे जरा थांबू.

किहीमकर आणि नंतरचे अभ्यासक समाजाच्या जुन्या सणांची जी मराठी नावं देतात ती ऐकण्यासारखी आहेत. हिब्रू नावं विस्मरणात गेली होती आणि गावातल्या भाषेत सणांना नवी नावं पडली होती. नवीन वर्ष म्हणजे ‘नव्याचा सण’. त्यानंतर ‘खिरीचा सण’. प्रायश्चित्ताचा दिवस, योम किप्पूर, तो ‘दारफाळणीचा सण’, कारण त्या दिवशी घराचं दार बंद करून उपास करायचा, कुणाला शिवायचं नाही. दुसऱ्या दिवशी ‘शिळा सण’. पुरीमला ‘होळीचा सण’, कारण तो होळीच्या सुमारासच येतो. आणि पुरणपोळी दोन्हीकडे. जेरुसलेमचं मंदिर पडलं त्या शोकदिवसाला ‘बिरड्याचा सण’. मांस नाही, भिजवून मोड आणलेल्या वालांचं बिरडं, केळीच्या पानावर. श्रावणाच्या आसपास कोकणात कुठल्या घरात बिरडं नसतं? शोकाचं अन्न आणि पावसाळ्याचं अन्न एकच झालं.

आणि पेसाख, म्हणजे वल्हांडणाचा सण, ज्यात आठ दिवस खमीर आलेलं काहीही घरात ठेवायचं नाही, त्याचं नाव होतं ‘अनाशी ढाकाचा सण’. अनास म्हणजे आंबट पाण्याचं भांडं. तोंडी लावायला, कालवणात घालायला वापरायचं ते आंबट त्यात साठवलेलं असायचं. सणाच्या आठ दिवसांत हे भांडं झाकून ठेवायचं. का झाकायचं, हे कुणाला सांगता येत नव्हतं. मिसरमधून सुटका, फेरो, समुद्र दुभंगणं, यातलं काही मनात उरलेलं नव्हतं. एवढंच माहीत होतं, की वर्षातले हे आठ दिवस आंबटाचं भांडं उघडायचं नाही.

आता हिब्रूतली एक गंमत सांगतो. खमिराला हिब्रूत हामेत्स म्हणतात, आणि व्हिनेगरला होमेत्स. धातू एकच, आंबणे. जे आंबलं ते टाळा, असा तो नियम. मूळ नियम पाच धान्यांच्या खमिरापुरता आहे, कैरीच्या किंवा चिंचेच्या आंबटाला तो लागू नाही. म्हणजे शास्त्र्याच्या दृष्टीने अनास झाकण्याची कदाचित गरजही नसेल. पण कोकणात भात खाणाऱ्या घरात पाव नव्हता. गव्हाचं खमीर फेकून द्यायला घरात होतंच कुठे? ‘आंबलेलं नको’ हे आठवणीत राहिलं, आणि घरात नांदणारी सगळ्यात आंबलेली वस्तू कुठली, तर अनास. म्हणून ते झाकलं. आम्हाला हा नियम बिघडल्याचा पुरावा वाटत नाही. पुस्तक नसलेल्या घराने नियमाचा अर्थ लावला तो असा.

यापुढे एक वेगळा प्रश्न. आंबटासाठी व्हिनेगर का नाही? द्राक्षाची दारू आणि तिचं व्हिनेगर यांच्याबाबत नियम कडक आहेत, ती यहुदी हातांनीच तयार झालेली हवी. जवापासून केलेलं माल्ट व्हिनेगर पेसाखला चालत नाही. याउलट आमसूल, चिंच, कैरी, लिंबू, यांत असली काहीच भानगड नाही. कोकणाने चार-पाच तऱ्हेचं निर्धोक आंबट फुकट दिलं. शब्बाथच्या आशीर्वादासाठी वाइन लागते, तीही कोकणात कुठून येणार? म्हणून काळ्या मनुका भिजवायच्या, वाटायच्या, गाळायच्या, आणि त्या सरबतावर आशीर्वाद म्हणायचा. शुक्रवारी संध्याकाळी आजही कितीतरी घरांत हेच असतं.

पेसाखची तयारी म्हणजे आपल्या दिवाळीच्या साफसफाईसारखी, फक्त जास्त कडक. घराला चुना, तांब्या-पितळेच्या भांड्यांना कल्हई, आणि मसाले नवे. हा सण मार्च-एप्रिलात येतो, म्हणजे नेमका आपल्याकडे वर्षाचं तिखट-मसाला करायच्या दिवसांत. सगळी आळी मिरच्या वाळत घालते, त्यात याही घरच्या मिरच्या. फरक एवढाच, की यांचे मसाले निवडून, धुवून, वाळवून घरीच कुटायचे, कारण गिरणीत गहूही दळला जातो आणि दुकानातल्या दळलेल्या मसाल्यात पीठ मिसळलेलं असू शकतं. आणि हिंग! आपण ज्याला बांधानी हिंग म्हणतो, डबीतला, तो शुद्ध हिंग नसतो. त्यात डिंक आणि बहुतेकदा गव्हाचं पीठ असतं. वर्षभर चालणारी ती डबी आठ दिवस फडताळातून बाहेर. तांदळाला मात्र बंदी नाही. युरोपातले यहुदी पेसाखला तांदूळ वर्ज्य मानतात. बेने इस्रायलांनी तो कधी सोडला नाही, आणि तांदळाची भाकरी तर आंबवावी लागतच नाही.

‘मलिदा’ सांगितल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. पोहे भिजवून त्यात ओला नारळ, साखर किंवा गूळ, वेलची, बदाम-पिस्ते, भोवती फळं आणि खजूर. लग्न, बारसं, नवं घर, आजारातून उठणं, परगावी जाणं, कशालाही मलिदा. तो एलियाहू हनावी, म्हणजे एलिया प्रेषिताच्या नावाने. अलिबागजवळ खंडाळे गावी खडकावर खुणा आहेत. एलिया प्रेषिताचा रथ तिथे टेकून स्वर्गात गेला अशी श्रद्धा, आणि त्या जागेला म्हणतात ‘एलियाहू हनाबीचा टापा’. मलिद्याच्या ताटावर झाडाच्या फळाचा आशीर्वाद वेगळा आणि जमिनीच्या पिकाचा वेगळा. केळं कुठल्या गटात? जमिनीच्या, कारण केळीचं खोड दरवर्षी मरतं. शास्त्र इतकं काटेकोर, आणि ताट मात्र थेट सत्यनारायणाच्या शेजारी शोभेल असं.

आता पुणे. कंपनीच्या आणि नंतर सरकारच्या पलटणीत, रेल्वेत, टपालात, दवाखान्यांत बेने इस्रायली लोक नोकरीला लागले आणि कोकणातून मुंबई, पुणे, अहमदाबाद, कराचीपर्यंत गेले. पुण्यात कॅम्पाच्या आसपास त्यांची वस्ती झाली. त्याच काळात दुसरे यहुदी आले, ते बगदादचे. त्यांतले सगळ्यात नामांकित डेव्हिड ससून, जन्म १७९२, बगदाद सोडून १८३० च्या दशकात मुंबईला आले, आणि कापूस, अफू यांच्या व्यापारात अफाट श्रीमंत झाले. ओहेल डेव्हिडचं काम त्यांच्या हयातीत सुरू झालं. ते १८६४ मध्ये पुण्यातच वारले, आणि सिनेगॉग १८६७ मध्ये पूर्ण झालं. त्यांची कबर त्याच आवारात आहे. ससून रुग्णालय त्यांच्याच देणगीतलं, हे आपल्याला माहीत आहेच.

बगदाद्यांनी आणलेली आणि नेलेली एक चीज म्हणजे ‘अंबा’. कैरी, मीठ, हळद, मेथी, तिखट, यांचं पातळ, पिवळंधमक, मेथीच्या वासाचं लोणचं. इराकी यहुद्यांच्या घरोघरी ते पोचलं, आणि त्यांच्याबरोबर इस्रायलला गेलं. आज तिथे रस्त्यावरच्या साबिखवर, शवर्म्यावर अंबा ओततात. सांगतात असं, की ससून कुटुंबाने मुंबईहून व्हिनेगरच्या पिंपांत आंबे भरून बगदादला पाठवले आणि त्यातून हे लोणचं झालं. पिंपांची गोष्ट खरी का खोटी ते असो. शब्द मात्र सरळ आपला आहे. आमच्या मेथांब्याचा तो बिनगुळाचा चुलतभाऊ म्हणायला हरकत नाही.

पण एकच देव, एकच तोरा, एकच आंबा असूनही पंगत एक झाली नाही. बगदादी अरबीत बोलत, पुढे इंग्रजीत. बेने इस्रायल मराठीत. बगदाद्यांना यांच्या कुळाबद्दल शंका. मुंबईत कबरस्तानात वेगळी जागा असावी म्हणून १८३० च्या दशकात मागणी झाली. बेने इस्रायली शोहेतने कापलेलं मांस काही बगदादी घरं घेत नसत. राहाबीच्या टोपलीत जी परीक्षा पास झाली होती ती कॅम्पात पुन्हा द्यावी लागली, आणि या वेळी परीक्षक शेजारी राहत होता. रास्ता पेठेत बेने इस्रायलांनी १९२१ मध्ये आपलं वेगळं सुक्काथ शेलोमो सिनेगॉग उभं केलं ते या पार्श्वभूमीवर बघायला हवं.

पुण्याने मात्र या समाजाला एक अनमोल वस्तू दिली. १८७४ मध्ये इथे हिब्रू आणि मराठी अशी दुहेरी ‘हग्गादा’ छापली गेली. हग्गादा म्हणजे पेसाखच्या रात्री जेवणाच्या वेळी वाचायची पोथी. ती काढली दोघा तळकरांनी. तिच्यात चित्रं आहेत, आणि त्यांत नऊवारीतल्या वाटाव्यात अशा साडी नेसलेल्या बायका जमिनीवर बसून मात्सा, म्हणजे बिनखमिराची रोटी, करतायत. पीठ भिजवल्यापासून अठरा मिनिटांच्या आत ती भाजली जायला हवी. युरोपातल्या हग्गादांत हे काम करणाऱ्या बायका युरोपी पोशाखात असतात. अनाशी ढाकाच्या सणाचं कारण पुण्यात छापलेल्या मराठीतूनही वाचता येऊ लागलं.

मांसाचा प्रश्न इतका सोपा सुटला नाही. धर्मशास्त्र गाय-बैलाला परवानगी देतं, पण कोकणातल्या बेने इस्रायलांनी गोमांस टाळलं. शेजार तसा होता. गावात शोहेत असेल तेव्हा कोंबडी-बकरं, नसेल तेव्हा मासे आणि भाजी. आज पुण्यात समाज अगदी थोडा उरलाय. त्यामुळे बऱ्याच घरांचा रस्ता तोच : बाहेर जेवायला गेलं की शुद्ध शाकाहारी. आपल्याकडची ती हिरव्या ठिपक्याची पाटी या लोकांना किती उपयोगी पडते, याचा आपण कधी विचार केलेला नसतो.

समाज थोडा उरला, कारण गेला. १९५१ च्या जनगणनेत भारतात साडेसव्वीस हजारांच्या आसपास यहुदी होते. २०११ मध्ये ते पाच हजारांच्याही आत आले. बहुतेक इस्रायलला गेले. लोद, रामला, बीरशेबा, दिमोना, अश्दोद या गावांत वसले. तिथे पहिली वर्षं कठीण गेली, आणि भांडण पुन्हा खाण्यावर आलं. बीरशेबातल्या भारतीयांची एक तक्रार नोंदलेली आहे, की पावाच्या दुकानात यांना पांढरा पाव नाकारून ‘तुम्हाला काळाच’ असं सुनावलं गेलं. १९५१-५२ मध्ये काहींनी तेल अवीवमध्ये ठिय्या धरला, आम्हाला परत पाठवा म्हणून. आणि काही कुटुंबं खरोखर परत आली. मग १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला प्रमुख धर्मगुरूंच्या कार्यालयाने आदेश काढला, की बेने इस्रायलांशी लग्न लावण्यापूर्वी त्यांच्या पूर्वजांची चौकशी करावी. तेव्हाच्या प्रमुख धर्मगुरूंपैकी यित्झाक निस्सीम यांचा जन्म बगदादचा, हा योगायोग आपण नोंदवून ठेवू, जास्त काही म्हणणार नाही. १९६४ मध्ये जेरुसलेममध्ये मोठं आंदोलन झालं, आणि शेवटी सरकारने व संसदेने सांगितलं, की हे सर्व बाबतींत पूर्ण यहुदी आहेत. चौकशीचा मुद्दा लग्न आणि घटस्फोटाच्या कायद्याचा होता. काय खाता, हे कुणी विचारलं नाही. विचारलं असतं तर कदाचित लवकर मिटलं असतं!

आता ‘कोण ठरवतं’ हा प्रश्न आजच्या काळात कुठे आलाय ते बघू. अमेरिकेत १९२३ मध्ये हाइन्झ कंपनीच्या शाकाहारी बीन्सच्या डब्यावर ऑर्थोडॉक्स युनियन या संस्थेची खूण आली, आणि तेव्हापासून कोशेर ठरवण्याचं काम घरातून कारखान्यात सरकलं. आज भारतातून निर्यात होणारे मसाले, काजू, लोणची, तयार भाज्या यांतल्या कितीतरी पाकिटांवर वर्तुळातलं यू हे इंग्रजी अक्षर किंवा तसलं दुसरं चिन्ह असतं. ते लावण्यासाठी तपासनीस येतो, कच्चा माल बघतो, यंत्रं बघतो. सॉसमध्ये मासा आहे का? वूस्टर सॉसमध्ये असतो, आणि मासा-मांस एकत्र शिजवायला परंपरेची मनाई आहे, म्हणून बाटली बघून घ्यावी लागते. चीजमधलं विरजण जनावराच्या पोटातलं तर नाही ना? हे सगळं आवश्यक आहे, आम्ही नाकारत नाही. कारखान्यातल्या मालाची बाजारातल्या टोपलीसारखी नुसत्या नजरेने पारख होत नाही.

पण त्याची दुसरी बाजू अशी, की छापील चिन्ह आल्यावर घरचा निवाडा दुय्यम झाला. इस्रायलमध्ये वाढलेल्या पिढीला मात्सा डब्यात मिळते, वाइन बाटलीत मिळते; मनुकांच्या सरबताची गरज उरली नाही. उरलंय ते आवडीने उरलंय. रामला, लोदकडे भारतीय वाण्यांच्या दुकानांत आमसूल, पोहे, वाल मिळतात. तिथल्या बेने इस्रायलांचं ‘मायबोली’ नावाचं मराठी नियतकालिक निघत आलं आहे. अहमदाबादच्या लेखिका एस्थर डेव्हिड यांच्या ‘द बुक ऑफ रेचेल’ या कादंबरीला २०१० चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. अलिबागकडच्या दांड्याला एकटीच मागे राहिलेली म्हातारी आणि तिथलं सिनेगॉग, अशी ती गोष्ट, आणि तिचं प्रत्येक प्रकरण एका पाककृतीने सुरू होतं. महाराष्ट्र सरकारने २०१६ मध्ये यहुद्यांना अल्पसंख्याक दर्जा दिला.

एक उणीव सांगून थांबतो. या स्वयंपाकाबद्दल आपल्याला जे माहीत आहे ते बहुतेक किहीमकरांसारख्या पुरुषांनी लिहिलेलं, किंवा बाहेरून आलेल्या प्रवाशांनी, मिशनऱ्यांनी आणि अभ्यासकांनी. अनासाचं भांडं झाकलं जायचं एवढं त्यांनी टिपलं. ते मातीचं होतं की चिनी मातीचं, त्यात घालायचं काय, ते किती दिवस मुरायचं, नवव्या दिवशी ते कोण उघडायचं आणि उघडल्यावर पहिल्यांदा कशात घालायचं, हे त्यांनी विचारलं नाही. ज्यांना सांगता आलं असतं त्या बायका स्वयंपाकघरात होत्या. आपल्यापैकी कुणाच्या शेजारी, ओळखीत, रास्ता पेठेत, ठाण्यात, पेणला, अशा घरातली आजी असेल, तर तिच्याकडे जाऊन बसा. पाककृती मागू नका, ती कुठेही छापलेली मिळते. तिच्या आईच्या फडताळावर डावीकडून काय काय ठेवलेलं असायचं, आणि पेसाखला त्यातलं काय उचललं जायचं, तेवढं विचारा, आणि ती सांगेल त्याच शब्दांत उतरवून घ्या.

आता प्रश्न असतील तर घेऊ.